सुई, सोनार आणि मांडी

‘सोनारानेच कान टोचावेत’ ही म्हण आपण सहज वापरतो. कडू बोल ऐकवायचे तर ते ऐकवण्याचा अधिकार आणि हातोटी असलेल्या माणसानेच ऐकवावेत, एवढाच तिचा अर्थ आता उरला आहे. म्हणीमागचा प्रसंग मात्र अगदी घरगुती आहे. बारशाच्या आगेमागे सोनाराला बोलावणे जाई. तो ओसरीवर बसे, बाळाच्या कानाची पाळी दोन बोटांत धरून क्षणभर न्याहाळी, टोकदार सोन्याची तार पाळीतून आरपार नेई आणि तिला पीळ घालून मोकळा होई. बाळाचा टाहो कानी पडेपर्यंत त्याचे काम आटोपलेले असे. या हातोटीचे कौतुक म्हणून भाषेने त्याला म्हणीत कायमची जागा दिली.

पण त्या क्षणी बाळ कुठे होते? ते पाटावर नव्हते, जमिनीवर नव्हते, सोनाराच्या हातातही नव्हते. ते कुणाच्या तरी मांडीवर होते. आजीच्या असेल, आत्याच्या असेल, काळीज घट्ट असेल तर आईच्याही असेल. एका हाताने बाळाचे डोके छातीशी टेकवून धरलेले, दुसऱ्याने त्याचे दोन्ही हात कवेत घेतलेले, आणि कानाशी काहीतरी पुटपुटणे चाललेले. सोनाराचा हात अचूक पडला याचे निम्मे श्रेय या मांडीचे आहे. म्हणीत तिचा उल्लेख नाही आणि इतिहासातही ती ओझरतीच भेटते. लहान मुलाला सुई टोचताना त्याचे शरीर कुठे आणि कसे असावे, हा प्रश्न वरवर पाहता दाईचा किंवा परिचारिकेचा. मला तो इतिहासाचा वाटतो. कारण त्याचे उत्तर माणसाला फार पूर्वी सापडले होते, मधल्या काळात ते हरवले, आणि पुन्हा सापडायला विसावे शतक सरावे लागले.

आपल्या भाषेची एक गंमत इथेच सांगून टाकतो. मूल जिच्यावर बसते ती मांडी, आणि त्याच्या पायाचा जो भाग लशीची सुई सोसतो तीही मांडीच. दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात. पहिल्या अर्थाचे वजन आपल्या समाजात केवढे! तान्ह्याला आपण ‘मांडीवरचे मूल’ म्हणतो. जावळ काढताना मूल मामाच्या मांडीवर बसते. दत्तक घेणे म्हणजे मांडीवर घेणे. मांडीवर बसणे हा आपल्याकडे नुसता आराम नव्हे, तो हक्क आहे. पुढची हकीकत या हक्काची आहे.

या हक्काचा फार जुना लेखी पुरावा सुश्रुतसंहितेत आहे. सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायात कर्णवेधाचा विधी येतो. हा अध्याय जगात गाजला तो वेगळ्याच कारणाने. त्याच्या शेवटी तुटलेले नाक पुन्हा घडवण्याची रीत दिली आहे. १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये पुण्याकडच्या कावसजी नावाच्या बैलवाल्याच्या नाकाची हकीकत छापून आली. टिपूच्या कैदेत कापले गेलेले त्याचे नाक एका देशी कारागिराने कपाळाच्या कातडीतून पुन्हा उभे केले होते. तेव्हापासून युरोपातल्या शस्त्रवैद्यांचे या विद्येकडे लक्ष गेले, आणि पुढे सुश्रुताच्या ग्रंथाचा परिचय झाल्यावर या अध्यायाला मोठा मान मिळाला. पण सगळ्यांची नजर अध्यायाच्या शेवटावर खिळली. त्याचा आरंभ तसाच राहून गेला.

मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने यादवजी त्रिकमजी आचार्यांकडून संपादून घेतलेली या संहितेची आवृत्ती १९१५ साली निघाली. तिच्यात हा आरंभ वाचताना मी थबकलो. ग्रंथकार सांगतो की बाळाचे कान सहाव्या किंवा सातव्या महिन्यात, शुभ दिवस पाहून टोचावेत. मग येते ती महत्त्वाची गोष्ट. बाळाला धात्रीच्या, म्हणजे त्याला पाजणाऱ्या-सांभाळणाऱ्या बाईच्या मांडीवर, किंवा त्याला नेहमी कडेवर घेणाऱ्या माणसाच्या मांडीवर बसवावे. खेळण्यांनी त्याचे मन रमवावे. त्याच्याशी गोड बोलत राहावे. आणि मग वैद्याने डाव्या हाताने कान ओढून, सूर्याचा किरण जिथून आरपार दिसतो त्या नैसर्गिक जागी, उजव्या हाताने सावकाश आणि सरळ वेध घ्यावा. पाळी पातळ असेल तर सुईने, जाड असेल तर आरीने.

यातला प्रत्येक शब्द मोलाचा आहे. बाळाला ‘बसवावे’ असे म्हटले आहे, ‘निजवावे’ असे नाही. मांडी कुणाची हे स्पष्ट सांगितले आहे: ओळखीच्या माणसाची. हे माणूस वैद्याचा मदतनीस म्हणून आलेले नाही, ते बाळाचे आहे. मन रमवणे आणि बोलणे या गोष्टी सुई टोचल्यानंतर समजूत घालण्यासाठी नाहीत, त्या आधीपासून चालू आहेत. वाग्भटानेही अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात तेच सांगितले आहे. मूल निरोगी असावे, दिवस थंडीचे असावेत, आणि धात्रीच्या मांडीवर बसलेल्या बाळाला गोंजारत कान टोचावेत.

सुश्रुताचे आणखी एक वाक्य मला याहून मोठे वाटते. वेध योग्य जागी झाला की नाही हे कसे ओळखावे? रक्त फार आले आणि वेदना फार झाली, तर जागा चुकली असे समजावे. काही उपद्रव झाला नाही, तर जागा बरोबर. सहा महिन्यांच्या बाळाला बोलता येत नाही. तरीही त्याची वेदना इथे पुरावा म्हणून धरली आहे. बाळाचे रडणे ही साक्ष आहे आणि वैद्याने ती ऐकायची आहे, असे हा ग्रंथ गृहीत धरतो. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे हीच साक्ष कशी फेटाळली गेली हे पाहायचे आहे.

मुलांना सर्रास टोचणे सुरू झाले ते देवीच्या रोगामुळे. १४ मे १७९६ रोजी इंग्लंडातल्या बर्कली गावी एडवर्ड जेन्नरने आठ वर्षांच्या जेम्स फिप्सला गोस्तनदेवीची लस टोचली. सहा वर्षांनी ती लस मुंबईस पोहोचली. ती बाटलीत टिकत नसे. एका दंडावरच्या फोडातून दुसऱ्या दंडावर अशी माणसांच्या साखळीतूनच तिला प्रवास करावा लागे. बगदाद, बसरा असे टप्पे घेत ती आली आणि १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर उगवली. हिंदुस्थानात ही लस यशस्वीपणे टोचून घेतलेले पहिले माणूस ही चिमुरडी. तिच्या दंडातून इतर मुलांना, त्यांच्याकडून पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास अशी ती लस देशभर पसरली. पुढच्याच वर्षी, १८०३ मध्ये, स्पेनहून अमेरिका खंडाकडे निघालेल्या बाल्मिसच्या मोहिमेने तर लस जिवंत ठेवण्यासाठी २२ अनाथ मुले जहाजावर घेतली होती. जगाला देवीपासून वाचवणारी ही साखळी लहान मुलांच्या दंडांची होती. तिचा इतिहास लिहिताना आपण डॉक्टरांची नावे लिहितो.

या काळात मांडी मात्र सुटली नव्हती. १८०७ साली फ्रेंच चित्रकार बोआयी याने लसटोचणीचे एक चित्र रंगवले. त्यात घरच्या माणसांच्या घोळक्यात, आईने धरलेल्या मुलाला डॉक्टर टोचतो आहे. आपल्याकडे टोचणारा गावोगाव फिरत असे. लोकांना त्याचे भय वाटे, पोरे माळ्यावर दडत. तरी तो टोचायला बसे ते देवळाच्या ओट्यावर, चावडीत किंवा कुणाच्या पडवीत. आणि मूल त्याच्यापुढे येई ते कुणाच्या तरी कडेवरून. टोचणारा मुलाच्या मुलखात येत होता, मूल त्याच्या मुलखात जात नव्हते. म्हणून मांडी आपोआप टिकली. तिच्यासाठी कोणाला नियम करावा लागला नाही, आणि तिचे मोलही कोणाला कळले नाही.

ती सुटली रुग्णालयात. १८५३ च्या सुमारास एडिंबरोचा अलेक्झांडर वुड आणि फ्रान्समधला शार्ल प्रावाझ यांनी पोकळ सुई आणि पिचकारी यांचा मेळ वैद्यकात आणला. १८९१ साली हाइनरिख क्विंके याने पाठीच्या मणक्यांत सुई घालून पाणी काढण्याची रीत दाखवली. मुलांच्या शरीरात सुई शिरण्याची निमित्ते वाढत गेली: रक्त काढणे, शिरेतून औषध देणे, घटसर्पाची लस, डांग्या खोकल्याची लस. ही सगळी कामे आता टेबलावर होऊ लागली. टेबल उंच असते, स्वच्छ करता येते, त्यावर उजेड नीट पडतो. डॉक्टरला वाकावे लागत नाही. मुलाला उताणे निजवायचे, एकाने खांदे दाबायचे, दुसऱ्याने गुडघे, तिसऱ्याने हात. चादरीत गुंडाळून बांधायचे. अमेरिकेत तर मुलाला पट्ट्यांनी आवळून ठेवण्याची फळी निघाली आणि तिचे नाव पडले ‘पपूस बोर्ड’. पपूस हा तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला ‘मूल’ या अर्थाचा शब्द. मुलाला पाठीशी घेऊन हिंडणाऱ्या आयांच्या झोळीवजा पाळण्यालाही इंग्रज तेच नाव देत. आईच्या पाठीवरचे नाव उचलून ते आईपासून तोडणाऱ्या फळीला द्यावे, यात विनोद आहे की क्रौर्य, ते वाचकांनी ठरवावे.

टेबलाशी आई कुठे होती? दाराबाहेर. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंड-अमेरिकेतल्या कित्येक बालरुग्णालयांत आईबापांना आठवड्यातून एखाददुसऱ्या दिवशीच, तेही तासाभरापुरते, आत सोडत. जंतुसंसर्गाचे भय हे एक कारण होते. दुसरे कारण अधिक बोलके आहे: आई आली की मूल रडते, ती गेली की गप्प होते, तेव्हा ती न येणेच बरे. न्यूकॅसलला जेम्स स्पेन्स हे डॉक्टर दोन महायुद्धांच्या मधल्या काळात आजारी बाळांबरोबर आयांनाही दाखल करून घेत होते. पण असे थोडेच. १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी एक साधा मूकपट काढला. दोन वर्षे पाच महिन्यांची एक मुलगी लहानशा शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहते, एवढीच त्याची कथा. ती फारशी रडत नाही. ती हळूहळू मिटत जाते. मूल गप्प झाले म्हणजे ते रुळले असे मानणाऱ्या डॉक्टरांना हा चित्रपट झोंबला आणि अनेकांनी तो खोटा ठरवण्याचा प्रयत्न केला. पण १९५९ मध्ये ब्रिटिश सरकारने नेमलेल्या प्लॅट समितीने आईबापांना मुलांजवळ मुक्तपणे येऊ द्यावे अशी शिफारस केली. आई वॉर्डात आली. टेबलापाशी यायला तिला आणखी काही दशके लागणार होती.

कारण एक मोठा समज आडवा होता. तान्ह्या बाळाला वेदना कळतच नाहीत, किंवा कळल्या तरी लक्षात राहत नाहीत, असे शास्त्र म्हणत होते. बाळाच्या मज्जातंतूंवरचे वेष्टन अपुरे असते, म्हणून वेदना मेंदूपर्यंत नीट पोहोचत नाही, असा तर्क होता. १९४१ साली मर्टल मॅक्ग्रॉ यांनी बाळांना टाचणी टोचून त्यांच्या हालचाली नोंदवल्या; काही तासांच्या किंवा दिवसांच्या काही बाळांनी फारसा प्रतिसाद दिला नाही, यावरून पहिल्या दिवसांत संवेदना मंद असावी असा निष्कर्ष निघाला. अशा निष्कर्षांचा आधार घेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत नवजात बालकांवर मोठ्या शस्त्रक्रियासुद्धा पुरेशा भूलेवाचून झाल्या. हालचाल थांबवणारे औषध दिले जाई, वेदना थांबवणारे दिले जातच असे असे नाही. सुश्रुताने मानलेली साक्ष आता कोर्टाने फेटाळली होती; साक्षीदाराला बोलताच येत नव्हते.

ती साक्ष पुन्हा दाखल करून घेणाऱ्यांत आपल्या ओळखीच्या गावचा एक माणूस आहे. होळकरांच्या इंदुरात वैद्यकाची पदवी घेऊन ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कन्वलजीत सिंग आनंद यांना दिसले की शस्त्रक्रियेहून परत येणारी अपुऱ्या दिवसांची बाळे फार वाईट अवस्थेत असतात. त्यांनी बाळांच्या रक्तातले ताणाचे द्रव्य मोजले. १९८७ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि सहकाऱ्यांचा निबंध आला: ज्या बाळांना भूलेबरोबर फेंटानिल हे वेदनाशामक दिले, त्यांच्या शरीरावरचा ताण आणि नंतरचे उपद्रव, दोन्ही कमी होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात हिकी यांच्यासह त्यांनी नवजात आणि गर्भस्थ बालकाच्या वेदनेवरचे सारे ज्ञान एकत्र मांडले. मज्जातंतूंचे वेष्टन अपुरे असले तरी वेदना पोहोचते, जरा सावकाश पोहोचते. आणि बाळाच्या इवल्या शरीरात तिला अंतरही थोडेच कापावे लागते. युक्तिवाद इतका साधा होता की तो आधी कोणाला का सुचला नाही याचे नवल वाटते.

राहिला ‘लक्षात राहत नाही’ हा मुद्दा. १९९७ मध्ये टोरांटोच्या अ‍ॅना टॅडियो आणि सहकाऱ्यांनी ८७ मुलगे अभ्यासले. काहींची जन्मानंतर सुंता झाली होती, काहींची नव्हती; सुंता झालेल्यांपैकी काहींना बधिर करणारे मलम लावले होते, काहींना नाही. चार-सहा महिन्यांनी ही मुले नेहमीच्या लशीसाठी आली, तेव्हा मलमावाचून सुंता झालेली मुले सुंता न झालेल्यांहून अधिक कळवळली आणि अधिक वेळ रडली. आठवण म्हणजे केवळ सांगता येते ती नव्हे. शरीरही आठवण ठेवते.

वेदना खरी आणि आठवणही खरी, असे एकदा ठरल्यावर टेबलाकडे नव्या नजरेने पाहणे भाग होते. नवे उत्तर एकाच जागेहून आले नाही. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात उबपेट्या अपुऱ्या पडल्या, म्हणून एदगार रे यांनी अपुऱ्या दिवसांची बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. गरिबीतून निघालेली ही युक्ती श्रीमंत देशांनीही पुढे उचलली. २००० साली बॉस्टनमध्ये ३० नवजात बाळांवर एक प्रयोग झाला. टाचेतून रक्त काढताना निम्मी बाळे आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून होती, निम्मी पाळण्यात दुपट्यात. छातीशी असलेल्या बाळांचे रडणे ८२ टक्क्यांनी कमी भरले.

त्याआधी १९९९ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या बालरुग्णालयातील बार्बरा स्टीव्हन्स आणि मेरी बार्की यांनी हॉवर्ड हॉल यांच्यासह मोठ्या मुलांसाठीचा विचार मांडला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: मुलाला निजवून दाबू नका, बसवून धरा, धरणारे माणूस त्याचे स्वतःचे असू द्या, आणि ते धरणे मिठीसारखे असू द्या. २००७ साली स्पार्क्स आणि सहकाऱ्यांनी ते पारखून पाहिले. नऊ महिने ते चार वर्षे वयाची ११८ मुले, सगळ्यांच्या शिरेत सुई घालायची होती. काहींना टेबलावर निजवले, काहींना आईबापाने बसवून धरले. बसलेल्या मुलांची तगमग स्पष्टपणे कमी होती, आणि सुई घालण्यासाठी कराव्या लागलेल्या प्रयत्नांत लक्षणीय फरक पडला नाही. मूल बसले तर हात हुकेल, ही टेबलाच्या बाजूची सर्वांत मोठी सबब होती. ती टिकली नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लसीकरणातल्या वेदनेविषयी आपले धोरण प्रसिद्ध केले. त्यात जवळचे माणूस हजर असावे, तान्ह्या आणि लहान मुलांना त्याने धरून बसावे, मोठ्यांनी ताठ बसावे, अंगावर पिणाऱ्या बाळाला टोचताना किंवा त्याआधी पाजावे, आणि अनेक लशी असतील तर सर्वांत दुखणारी शेवटी द्यावी, असे सांगितले आहे. धात्रीची मांडी जिनिव्हाच्या कागदावर आली.

ही धरण्याची रीत प्रत्यक्षात कशी असते? बाळ सहा-दहा आठवड्यांचे असेल तर आईने खुर्चीवर टेकून बसावे, बाळाला आडवे पण उरापाशी उचलून घ्यावे. त्याचा एक हात आपल्या काखेखालून पाठीकडे जाऊ द्यावा, दुसरा आपल्या मुठीत घ्यावा, आणि पाय आपल्या दोन मांड्यांमध्ये हलकेच अडकवावेत. मूल वर्ष-दोन वर्षांचे असेल तर ते आईकडे तोंड करून, तिच्या कमरेभोवती पाय टाकून, पोटाला पोट लावून बसते. आई त्याला कवेत घेते आणि टोचायचा हात किंवा पाय तेवढा बाहेर राहतो. मोठ्या मुलाला आईच्या छातीशी पाठ टेकवून बसवता येते, म्हणजे त्याला हवे तर पाहता येते आणि नको तर तोंड फिरवता येते. टोचणाऱ्या बाईने स्टुलावर बसून मुलाच्या उंचीला यावे. स्थिर ठेवायचा तो एक अवयव, सगळे मूल नव्हे. साऱ्या पद्धतीचे मर्म एवढेच आहे.

हे का साधते? १९६५ साली मेलझॅक आणि वॉल यांनी असा सिद्धान्त मांडला की पाठीच्या कण्यात वेदनेला जणू एक दार असते. स्पर्शाचे संदेश त्या दारात गर्दी करतात तेव्हा वेदनेला वाट अरुंद मिळते. ठेच लागलेला अंगठा आपण चोळतो तो यामुळेच. मिठी हा सर्वांगाचा स्पर्श आहे. पण मला त्याहून साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. उताणे पडलेल्या मुलाला छत दिसते, वरून वाकलेली परकी तोंडे दिसतात, आणि प्रत्येक अवयव कुणीतरी दाबलेला असतो. पळता येत नाही आणि कुशीतही शिरता येत नाही. भय आणि वेदना या जुळ्या बहिणी; एकीला घरात घेतले की दुसरी मागोमाग येते. बसलेल्या मुलाला निदान आपल्या माणसाचा खांदा सापडतो.

मांडीने सगळे भागत नाही, हेही सांगितले पाहिजे. मांडी म्हणजे भूल नव्हे. जिथे औषध द्यायचे तिथे औषधच दिले पाहिजे. ज्याला सुई पाहून घेरी येते अशा मोठ्या मुलाला निजवणेच योग्य. काही कामे टेबलावाचून होत नाहीत. आणि आईला ‘धरा घट्ट’ असे दरडावून तिला चौथा मदतनीस केले, तर मूल तिच्याच मांडीला भिऊ लागेल. सुश्रुताने वैद्य वेगळा आणि मांडी वेगळी ठेवली, ती उगीच नव्हे.

आपल्याकडे ही गोष्ट जड जाऊ नये. आज आपल्या सरकारी वेळापत्रकाप्रमाणे बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात पेंटाव्हॅलंट लस टोचतात, ती डाव्या मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूस. म्हणजे आईच्या मांडीवर बसून बाळाने आपली मांडी पुढे करावी, हे शरीररचनेलाच सोयीचे आहे. एका गावच्या अंगणवाडीत लसीकरणाच्या दिवशी मी हे पाहिले आहे. एक तरुण आई काकुळतीने म्हणाली, “बाई, हळू टोचा हो.” टोचणाऱ्या सिस्टरने तिला भिंतीशी टेकून बसवले, बाळाचा हात तिच्या काखेत सरकवला आणि म्हणाली, “माझं हळू नि जोरात सारखंच गं. तू धर नीट. दाबू नको, कुशीत घे.” शेजारी बसलेल्या सासूने हातातल्या बांगड्या वाजवायला सुरुवात केली. बाळ रडले, पण ते रडणे आईच्या खांद्यात शिरले आणि तिथेच विरले. या तिघींपैकी कोणी सुश्रुत वाचला नव्हता, जिनिव्हाचा कागदही पाहिला नव्हता. शहरातल्या काचबंद दवाखान्यांत मात्र “आई, तुम्ही जरा बाहेर थांबा” हे वाक्य अजून ऐकू येते. सुधारणेची वाट सगळीकडे एकाच दिशेने जात नाही.

औषध शोधले की त्याला मालक मिळतो, यंत्र शोधले की त्याला विक्रेता मिळतो. ते घरोघर पोहोचवणारी माणसे पगारी असतात. मांडीला मालक नाही. तिला किंमत नाही, म्हणून जाहिरात नाही. ती विसरली गेली तर कोणाचे नुकसान झाल्याची नोंद कुठल्या वहीत होत नाही. नुकसान होते ते बोलता न येणाऱ्याचे. अशा गोष्टी जपण्याचे दोनच मार्ग असतात. एक म्हणजे त्या आजीकडून सुनेकडे, सिस्टरकडून आईकडे हातोहात जाणे. दुसरा म्हणजे कोणीतरी त्या लिहून ठेवणे. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी एका शस्त्रवैद्याला सुई, आरी आणि मुहूर्त यांच्या बरोबरीने मांडीही ग्रंथात नोंदवावीशी वाटली, याबद्दल मला त्याचे ऋण वाटते. म्हणीत सोनाराची जागा पक्की आहे आणि ती तशीच राहावी. पण पुढच्या वेळी कुणाचे कान टोचायला किंवा लस टोचून घ्यायला तुम्ही बाळ घेऊन गेलात, तर टोचणाऱ्याचा हात पाहण्याआधी, बाळ कुणाच्या मांडीवर बसणार हे विचारून घ्या.